बहिणीचं मलम

एलनाला आपल्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही. शेजारची योना एकदा म्हणाली होती, "अगं, व्हिबेके इतकी गोड बाई आहे." त्यावर एलना म्हणाली, "गोड असायला तिचं काय जातंय? बीट आम्ही उपटायचे आणि गोड तिनं व्हायचं."

यातलं बिटाचं अगदी खरं होतं. दोघींचं लहानपण डेन्मार्कच्या लोलंड बेटावर, नाकस्कोवच्या बिटाची साखर करणाऱ्या कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर गेलं. बाप लवकर गेला. एका उन्हाळ्यात कोपनहेगनची ओल्गामावशी आली आणि म्हणाली, एका मुलीला मी नेते, पुढचं शिकवते. दोघींना नेणं तिला झेपणारं नव्हतं. आईनं दोघींकडे पाहिलं. एलना चौदाची, दणकट, हाताला काम असलेली. व्हिबेके दहाची, काटकुळी, सदा सर्दीनं बेजार. "थोरली मला शेतात लागते," आई म्हणाली. एवढंच. सातवीनंतर एलनाची शाळा सुटली आणि धाकटी गाडीत बसून निघून गेली. गाडी सुटताना तिनं हात हलवला होता, तोही एलनाला वाटलं मुद्दाम खिजवायला.

व्हिबेके शिकली, शहरातल्या वाचनालयात लागली आणि फ्लेमिंग नावाच्या दातांच्या डॉक्टरची बायको झाली. समुद्राकाठी पांढरं घर, एक मुलगी, मारेन. एलनानं कारखान्यातल्या स्वेनशी लग्न केलं. मूल झालं नाही. नगरपालिकेनं तिला म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मदत करायच्या कामावर घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत ती सायकलवरून गावोगाव हिंडून लोकांना आंघोळी घालत राहिली. त्या कामात तिचा दरारा होता. कुणी म्हातारी लाजून पांघरूण घट्ट धरून बसली की एलना म्हणायची, "दाखवा हो. कुणाला लाजताय? या बेटावरची निम्मी बुडं मी धुतलीत, तुमचं काही सोन्याचं नाही." कुठं फोड, कुठं चट्टा दिसला की ती स्वतः डॉक्टरला फोन लावायची. किती जणींना तिनं असं ओढून नेलं असेल!

आणि स्वतःला मात्र खाली खाज सुटते हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

खाज सुरू झाली तेव्हा स्वेन होता. त्यालाही सांगितलं नाही. आईलाही तसंच असायचं, हे एलनाला ठाऊक होतं. आई भांडी घासता घासता मध्येच ओट्याच्या कडेला टेकून डोळे मिटून उभी राहायची, आणि विचारलं तर म्हणायची, "बायकांचं असंच असतं. बोलायचं नसतं." मग एलनाही बोलली नाही. ती कडक साबणानं धुवायची, कधी गार पाण्याच्या टोपात बसायची, मागच्या पायरीवर जाऊन सिगरेट ओढायची. स्वेन गेल्यावर सिगरेटी वाढल्या. गावातला जुना डॉक्टर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी दवाखान्यात दर खेपेला नवाच माणूस दिसायला लागला. एक तर नातवाच्या वयाचा. त्याच्यापुढं गुडघे फाकवायचे? पूर्वी निदान बायकांच्या तपासणीला या म्हणून सरकारी बोलावणं यायचं. पासष्टीनंतर तेही बंद झालं. एलनानं त्याचा सरळ अर्थ लावला: म्हातारीच्या त्या भागात आता बघण्यासारखं काही उरलं नाही, असं सरकारचंही मत पडलेलं दिसतंय.

व्हिबेकेच्या सत्तरीला एलना कोपनहेगनला गेली तेव्हा खाजेच्या जागी गाठ झाली होती. गाडीत ती सारा वेळ दाराजवळ उभी राहिली. व्हिबेकेच्या घरी लांबलचक टेबल, त्यावर वाढदिवसाचे छोटे झेंडे, हेरिंग मासे, काळा पाव, थरांचा केक. पाहुण्यांनी रचून आणलेली गाणी सगळ्यांनी मिळून म्हटली. एलना बशा उचलत राहिली.

"बसा की हो मेहुणीबाई," फ्लेमिंग ओरडला. "नोकरी संपली तुमची. नगरपालिका बघत नाहीये."

"तुमच्या पाहुण्यांना उष्टं उचलायची सवय दिसत नाही. कुणीतरी उचलायला हवं ना," एलना म्हणाली. सगळे हसले.

दारात बशांचा ढीग धरून ती उभी होती तेव्हा तिची नजर बहिणीवर गेली. व्हिबेके खोलगट सोफ्यात रेलून, पायावर पाय टाकून बसली होती. अंगात पांढरी विजार. सत्तर वर्षांच्या बाईनं पांढरी विजार! एलना दोन वर्षं डाग दिसू नयेत म्हणून काळा स्कर्ट सोडून दुसरं काही घालत नव्हती. त्या घराचा, त्या समुद्राचा, फ्लेमिंगच्या पैशाचा हेवा तिनं आयुष्यभर केला होता, पण त्या दुपारी तिला झोंबलं ते बहिणीचं ते बसणं. कसं निवांत बसावं माणसानं! तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की केक न खाताच तिनं स्टेशन गाठलं.

गाठ योनानं पकडली. योना निवृत्त बसड्रायव्हर, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. कॉफीला आली असताना एलना खुर्चीवरून उठली आणि योनाला उशीवर डाग दिसला.

"हे काय गं?"

"जॅम."

"जॅम मीही आयुष्यभर खाल्लाय, एलना. हे रक्त आहे."

"तुला काय करायचंय?"

"मला गाडी बाहेर काढायचीय. कोट घाल."

योनानं तिला दवाखान्यात नेलं आणि ती पळून जाऊ नये म्हणून स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. त्या आठवड्याला नेमलेली डॉक्टर पोलंडची होती, तिचं डॅनिश मोडकंतोडकं. तिनं पाहिलं आणि एलनाचा पाय अजून खाली आला नव्हता तोच फोन उचलला.

तिला संशय आला तो रोग इतका विरळा की त्याची शस्त्रक्रिया देशात मोजक्याच ठिकाणी होते. एलनाला कोपनहेगनच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथली सान्ने नावाची डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. त्वचेचा जुना आजार, ती म्हणाली. कातडी पांढरी, पातळ होते, खाजते. बहुतेकींची गोष्ट तिथंच थांबते. थोड्यांच्या बाबतीत, वर्षानुवर्षं औषध झालं नाही तर, तिथं कर्करोग होतो.

"मग मीच का?" एलनानं विचारलं.

"नेमकं कुणी सांगू शकणार नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक वयस्क असतात. पुष्कळ जणी सिगरेट ओढणाऱ्या. एकट्या राहणाऱ्या जास्त. शिक्षण थोडं, शहरापासून लांब. आणि उशिरा येतात."

एलनानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "बाई, तुम्ही मला रोग सांगताय की माझं आयुष्य?"

सान्ने हसली नाही. "शाळा सुटली म्हणून रोग होत नाही," ती म्हणाली. "पण कुणाला दाखवायचं, कसं बोलायचं, कोण ऐकेल, हे जिला ठाऊक असतं ती लवकर येते."

घरी परतताना एलना ते सगळं मनात उलटं करून पाहत बसली. शिकलेली, नवऱ्याची, शहरातली, कधी सिगरेटीला न शिवलेली. डॉक्टरनं नाव तेवढं घेतलं नव्हतं, बाकी जिला हा रोग होणार नाही तिचं चित्र काढलं होतं. आणि ते हुबेहूब व्हिबेकेचं होतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी राहायला बहिणीकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुपारी दोघी स्वयंपाकघरात होत्या, फ्लेमिंग बागेत गवत कापत होता. फोनवर एलनानं फक्त 'ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं.

"गाठ कुठं आहे?" व्हिबेकेनं कॉफी ओतत विचारलं.

"खाली."

"पोटात?"

"पोटाच्या खाली. आई जिथं खाजवायची तिथं."

व्हिबेकेनं किटली खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला. खिडकीतून नवऱ्याच्या पाठीकडे पाहत ती अगदी हळू म्हणाली, "मलाही आहे. म्हणजे, गाठ नाही. खाज. तो पांढरा आजार."

"काय म्हणालीस?"

"पंचेचाळिशीपासून. आमच्या इथल्या डॉक्टरबाई फ्लेमिंगबरोबर शिकलेल्या. मी त्यांना सांगितलं, त्यांनी पाहिलं आणि लगेच ओळखलं. मलम दिलं. आठवड्यातून दोनदा लावते. वर्षातून एकदा दाखवून येते. काही त्रास नाही."

"मलम," एलना म्हणाली.

"हो."

"पंचवीस वर्षं तू मलम लावतेयस आणि मी साबणानं घासतेय."

"तू कधी सांगितलंस तुला त्रास आहे म्हणून?"

"आणि तू? घरंदाज आजार होता का तुझा, दुसऱ्याला वाटला तर कमी होईल असा?"

"एलना, असल्या गोष्टी कोण बोलतं? तू कधी विचारलंस?"

"कधी विचारायचं होतं? नाताळला बदक कापताना विचारायचं होतं? व्हिबेके, मांडी वाढू की छाती, आणि हो, खाली खाज येते का गं?"

व्हिबेकेला हसू फुटलं, आणि ते तिनं आवरलं तोवर उशीर झाला होता. एलनानं कॉफीचा कप मोरीत ओतला, पाहुण्यांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. निघून जायला तिला फार आवडलं असतं, पण सकाळी इस्पितळ होतं.

पलंगावर कुशीवर पडून तिनं विचार केला तेव्हा तिला सगळ्यात जास्त कशाचा राग आलाय ते उमगलं. इतकी वर्षं ती धरून चालली होती की व्हिबेकेचं नशीबच वेगळं. दुसऱ्या मातीचं. त्यावर जळणंही सोपं होतं, पावसावर चिडावं तसं. पण तसं नव्हतंच. एकाच आईनं दोघींना एकच कातडं दिलं होतं, एकच रोग दिला होता. फरक एवढाच की एकीला दार उघडून देणारं कुणी होतं.

सकाळी भूल द्यायच्या आधी तिनं सान्नेला विचारलं, "ते मलम मला वेळेत मिळालं असतं तर हे टळलं असतं?"

सान्ने खाटेच्या कडेला टेकली. "खात्रीनं नाही सांगता येणार. बहुधा टळलं असतं."

"आभार," एलना म्हणाली. "खोटं बोलला असतात तर मी उठून गेले असते."

गाठ काढली, भोवतालची बरीच कातडी काढली, जांघेतल्या ग्रंथी काढल्या. शेजारच्या खाटेवर इंगेलिसे नावाची बाई होती. तिचं चिमूटभरच कापलं होतं आणि ती आठवड्याच्या आत नाचत घरी जाणार होती. "माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं," ती सांगत होती. "म्हणाला, काहीतरी वेगळं दिसतंय, उद्याच्या उद्या डॉक्टर." एलनानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला इंगेलिसेच्या चिमूटभर जखमेचा हेवा वाटला, मग तिच्या नवऱ्याचा. स्वेन असता तर त्यानं पाहिलं असतं? बहुतेक नाही. दिवा मालवल्याशिवाय तो कधी जवळ आला नव्हता. पण बिचारा मेला होता, आणि मेलेल्या माणसाला काय बोल लावायचा.

घरी सोडलं तेव्हा व्हिबेके कपड्यांची बॅग घेऊन लोलंडला आली. एलना नको म्हणाली. व्हिबेकेनं ऐकलं नाही. नगरपालिकेची मदतनीस सकाळी यायची, पण दिवसभराचं धुणं, जखमेवर पाणी ओतणं, ग्रंथी काढल्यामुळे सुजणाऱ्या पायावर घट्ट मोजा चढवणं व्हिबेकेकडे आलं. तिला त्यातलं काही येत नव्हतं.

"पुढून मागं, मागून पुढं नव्हे," एलना ओरडायची. "आणि चोळू नकोस, टिप. पुस्तकावरची धूळ झटकतेयस का?"

व्हिबेके गुडघ्यावर बसून निमूट टिपायची. एकदा तिचे हात थांबले. एलनानं खाली पाहिलं, तर ती त्या जागेकडे, टाके पडलेल्या, अर्ध्या उरलेल्या जागेकडे पाहत होती. एलनाला वाटलं काहीतरी मऊ बोलावं. "बघून घे," ती म्हणाली. "मलमाशिवाय असं होतं."

गावात व्हिबेकेचं कौतुकच कौतुक झालं. बेकरीत, दुकानात, योनाच्या तोंडी: काय बहीण मिळालीय एलनाला! दुखणं एलनाचं आणि शाबासकी हिची. एलना पडल्या पडल्या धुमसायची.

महिन्याभरानं, एका रविवारी, मारेन आईला न्यायला आली. मारेन चाळिशीची, शाळेत शिकवणारी, बापासारखी उंच. योनानं केक करून दिला होता. तिघी टेबलाशी बसल्या. एलना रबरी कड्यावर, कुठं नुकतं बसता येऊ लागलं होतं. मारेन आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, आईनं तुझं किती केलं ना?"

त्या वाक्यानं एलनाचा तोल गेला.

"केलं ना," ती म्हणाली. "तुझ्या आईनं तुला सांगितलं का, तिलाही हेच आहे ते?"

"एलना!" व्हिबेके म्हणाली.

"आजीलाही होतं. मला आहे. हिला आहे. पंचवीस वर्षं मलम लावते आणि तोंड शिवून बसते. म्हटलं तुला माहीत असावं. हे घराण्यात चालतं म्हणतात."

"गप्प बस. आत्ता, इथं, असं?"

"मग कधी? नाताळला?"

ती हे भाचीच्या काळजीनं बोलली असं पुढं कुणी कुणी म्हटलं. काळजी होतीही, थोडी. पण बोलताना तिची नजर मारेनकडे नव्हती, बहिणीच्या चेहऱ्यावर होती. तो पांढरा पडताना तिला बघायचा होता, आणि तो पडला.

मारेन उठून अंगणात गेली. व्हिबेकेनं बशा गोळा केल्या. थोड्या वेळानं मारेन दारात येऊन उभी राहिली. आईकडे न पाहता तिनं विचारलं, "मावशी, ती खाज कशी असते?"

एलनाला एकदम थंडी वाजली. मघाचा विजय पार ओसरला. "संध्याकाळी वाढते," ती म्हणाली. "कातडी कोरडी, कागदासारखी लागते. कधी चिरते. तुला आहे?"

मारेननं होकारार्थी मान हलवली.

मायलेकी निघून गेल्या. व्हिबेकेनं निरोपाला हातही केला नाही, आणि पुढं सगळी शरद ऋतूची बीटकापणी, रस्त्यावरून ट्रकांच्या रांगा, कारखान्याचा वास, हे सगळं होऊन गेलं तरी तिचा फोन आला नाही. एलनानंही केला नाही. तिला तपासणीला दर काही महिन्यांनी बोलावत होते. ग्रंथी स्वच्छ निघाल्या होत्या, पाय मात्र सुजायचा तो सुजायचाच. सान्नेच्या धाकानं सिगरेट सुटली होती आणि त्यामुळे तिचा स्वभाव आणखीच बिघडला, असं योना सांगायची.

फोन यायला लागला तो मारेनचा. आधी डॉक्टरला काय सांगायचं हे विचारायला. "नीट शब्द सांग मावशी, माझी जीभ उचलत नाही." एलनानं सांगितले, आंघोळ घालताना वापरायची तसेच, आडपडदा न ठेवता. मारेन गेली. तोच आजार निघाला, अगदी सुरुवातीचा. मलम मिळालं. त्यानंतरही तिचे फोन येत राहिले. मलमाचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं आणि मग शाळा, नवरा, त्याचं काहीतरी बिनसलेलं, रात्री झोप न लागणं, सगळं. एलनाला कुणी आजवर इतकं सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या सांगायच्या, पण त्या आंघोळीपुरत्या.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी व्हिबेकेचा फोन आला. पाय कसा आहे, बर्फ वितळलं का, फ्लेमिंगचा गुडघा. मग जरा थांबून, "मारेन तुला फोन करते म्हणे."

"करते कधीमधी."

"कधीमधी? फ्लेमिंग म्हणतो तासन्‌तास."

"तास कुठं मोजतेय मी."

"ती डॉक्टरकडे जाऊन आली ते मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. तुला आधीच माहीत होतं. मी आई आहे तिची. काय बोलते ती तुझ्याशी एवढं?"

एलनानं खुर्ची ओढली. पलीकडच्या आवाजात एक बारीक करकर होती, आणि ती करकर तिच्या ओळखीची होती. साठ वर्षं ती तिच्याच छातीत वाजत आली होती. व्हिबेकेला तिचा हेवा वाटत होता! शिकलेल्या, समुद्राकाठच्या व्हिबेकेला, सातवी पास एलनाचा. एलना मुद्दाम गप्प राहिली. किती गोड लागत होतं ते!

"एलना? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"ती मला का नाही सांगत?" आणि व्हिबेके रडायला लागली. लहानपणी सर्दी झाल्यावर रडायची तसंच, नाक ओढत.

एलनाला ती गोडी आणखी थोडी पुरवता आली असती. पण ते नाक ओढणं ऐकवेना. "ती म्हणाली, आईला सांगितलं तर आईला वाटेल आपल्यामुळे झालं. तुला जपते ती. मला कशाला जपायचं? माझ्याशी वाटेल ते बोलता येतं."

"खरंच असं म्हणाली?"

"खोटं कशाला सांगू? तूच लाव फोन. खाजेपासून सुरुवात कर, बाकीचं ती बोलेल."

"मला नाही जमणार गं ते शब्द."

"मग लिहून घे, मी सांगते," एलना म्हणाली, आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या वाचनालयातल्या बाईला तिनं एकेक शब्द मोठ्यानं म्हणायला लावला, योना दारात येऊन हसून लोटपोट होईपर्यंत.

ईस्टरच्या सुट्टीत मारेन आठवडाभर एकटी लोलंडला राहायला येणार होती. ते मात्र एलनानं बहिणीला सांगितलं नाही.